यादोरावचा तळहात

आसगावात एक गोष्ट बरीच वर्षं दबक्या आवाजात फिरत होती: यादोराव मिस्त्री बहिरा नाहीच मुळी. सोंग करतो.

सोंग कशासाठी, याची कारणं मात्र सांगणाऱ्यागणिक निराळी. कुणी म्हणे, बायको कलाबाईच्या तोंडापासून सुटका म्हणून. कुणी म्हणे, गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ऐकूच येत नाही, केवढी सोय! आणि जे जरा खोल पाण्यातले, ते म्हणत की बहिऱ्यापुढे लोक मोकळं बोलतात, त्यामुळे साऱ्या गावाची अंडीपिल्ली या माणसाच्या पोटात जमा आहेत. पुरावेही होते बरं का. यादोराव पाठ करून कामात असला आणि कुणी दुकानात पाऊल टाकलं, की मान न वळवता म्हणायचा, "या, बसा." एकदा तर मागून आलेल्या एका पाहुण्याला म्हणाला, "डाव्या चपलेचा अंगठा तुटला का जी?" पाहुण्यानं खाली पाहिलं, तर खरंच तुटलेला. आता सांगा, बहिऱ्याला हे कसं कळावं?

ही गोष्ट गावात ज्यांनी पोसली, अंगाखांद्यावर खेळवली, त्यांत पहिला मान मंगलाबाईचा. मंगलाबाईच्या तोंडात सकाळी मूठभर बातमी पडली, की दिवस बुडेपर्यंत ती पायलीभर होऊन घरोघरी पोचते. बाई मनानं वाईट नाही. अंगणात भाजी निवडत बसली तर शेजारणीच्या ताटात चार शेंगा जास्तच टाकेल, पण त्यासोबत तिच्याच नणंदेचं एखादं प्रकरणही वाढेल.

तर अशा या मंगलाबाईवर, दसरा होऊन पंधरवडा उलटल्यावर एका गुरुवारी, त्याच यादोरावच्या दारात जायची पाळी आली.

झालं होतं असं. यंदा खालच्या चार बांध्यांमध्ये, धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यांत, तिनं हट्टानं चिन्नोर लावलं होतं, वासाचं पण उशिरा पिकणारं धान. नवरा आनंदराव सांगून थकला, "अवो, हलकं धान लाव, लवकर कापून मोकळी होजो. चिन्नोराचे लाड कोण पुरवन? शेवटचं पाणी भेटलं नाही तं नुसती पोचट हाती येते."

"लाड मी पुरवीन," मंगलाबाई म्हणाली होती. "तुम्ही फक्त भात खायले बसा."

आता आनंदराव डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला धाकट्या लेकीकडे, आणि रोज संध्याकाळी त्याचा फोन ठरलेला. स्वतःच्या डोळ्याचं एक वाक्य, आणि मग, "चिन्नोर काय म्हणते?" त्या प्रश्नात काळजी किती आणि खोच किती, हे मंगलाबाईला बरोबर कळायचं.

पाऊस सरला की बोडीच्या, म्हणजे शेतांजवळच्या लहान तळ्याच्या, पाण्याच्या पाळ्या लागतात. चिठ्ठ्या टाकून ठरतं, एका घराला एक दिवस, उगवतीपासून बुडतीपर्यंत. तुमच्या घरी बारसं असो की मयत, पाळी गेली की गेली. मंगलाबाईची चिठ्ठी त्या गुरुवारची निघाली. पुढची पाळी नवव्या दिवशी. आणि धान दुधावर आलेलं; दाणा नखात दाबला की पांढरा थेंब बाहेर येई. या दिवसांत जमीन सुकली की तो थेंब दाण्यातच आटतो आणि मागे राहते ती रिकामी साल. नऊ दिवस म्हणजे सगळं संपलं.

मदतीला पवनीहून मोठा जावई आला होता, कैलाश. त्याचं तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मोबाइल उघडणाऱ्याला पाण्याचं पेट्रोल इंजिन म्हणजे काय? जरा जाडा मोबाइल! सकाळी पहिल्याच दोरीला इंजिन सुरू झालं. पाईपातून पाणी असं उसळलं की मंगलाबाईनं हात जोडले. दहा मिनिटं गेली. मग इंजिन एकदम धावायला लागलं, मग बसलं, मग पुन्हा धावलं, मग भक्, भक्भक्, फट्, आणि गप्प.

"मिसिंग मारून राहिलं, मामी," कैलाश म्हणाला. "प्लग खराब."

त्यानं टाकीत पेट्रोल पाहिलं, नवा प्लग बसवला, दोरी ओढली. सुरू! "पाहा!" दहा मिनिटं. भक्भक्, फट्.

"कार्बेटरमधी कचरा आला." पेट्रोल पाहिलं, कार्बेटर खोललं, फुंकलं, जोडलं, दोरी ओढली. सुरू! "आता पाहा." दहा मिनिटं. फट्.

"एअर फिल्टर." पेट्रोल पाहिलं, फिल्टर धुतला. सुरू. दहा मिनिटं. फट्.

दहा वाजले तरी पहिली बांधी अर्धीही भिजली नव्हती. जावयाला उलटून काही बोलायचं नाही, हे मंगलाबाईच्या आयुष्यातलं सर्वांत कडक व्रत. तिनं आपल्याच कपाळावर हात मारला. मग उठली आणि म्हणाली, "जावईबापू, गाडी काढा. त्या सोंगाड्याकडे जाऊ."

इंजिन मांडीवर नातवासारखं घेऊन ती कैलाशच्या मोटरसायकलवर बसली, आणि सारं आसगाव त्या वरातीकडे पाहत राहिलं.

यादोरावचं दुकान म्हणजे सोसायटीच्या गोदामाला टेकलेली टिनाची पडवी. खाली माती नाही, सागाच्या जुन्या फळ्या. त्या त्यानं मुद्दाम घातलेल्या. वर पाटी: 'फोन उचलत नाही. व्हिडिओ पाठवू नये. इंजिन आणावे.' फवारणीचे पंप, धान कापायची यंत्रं, गवत काढायची यंत्रं, सगळी लहान इंजिनं रांगेनं मांडलेली, दवाखान्याच्या बाकावर बसल्यासारखी. साठीकडे झुकलेला, काडीसारखा माणूस. हात मात्र दुसऱ्याच कुणाचे तरी उसने आणल्यासारखे मोठे.

कलाबाई दारातच तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, नवऱ्यासमोर जाऊन उजव्या हाताची चार बोटं आणि अंगठा बदकाच्या चोचीसारखा उघडमीट, उघडमीट केला. यादोराव हसला.

"हे काय सांगतलं वो तू?" मंगलाबाईनं विचारलं.

"काही नाही, पावनी आली म्हून सांगतलं."

कैलाशला खोकला लागला. ती उघडमीट चोच म्हणजे त्या नवराबायकोच्या हातवाऱ्यांच्या बोलीत मंगलाबाईचं नाव होतं.

यादोराव त्याची हकिगत विचारली तर सांगतो, नाही असं नाही. तुमसरच्या एका राइस मिलमध्ये तो एकवीस वर्षं होता. तिथं मोठ्या इंजिनाशेजारी माणसाचा शब्द माणसाला पोचत नसे. सगळा कारभार हातवाऱ्यांवर. कान हळूहळू गेले. "पयले चिमण्या गेल्या," तो सांगतो, "मंग लेकरायचे आवाज. मंग कलाबाई गेली." इथं तो थांबून बायकोकडे पाहतो. "शेवटी इंजिन गेलं." पण इंजिन कानातून निघालं ते कुठं दूर गेलं नाही, तळहातात येऊन बसलं. एके दिवशी यंत्राच्या लोखंडी पायाला हात टेकून हा म्हणाला, बंद करा, आत काहीतरी तुटून राहिलं. मोठा मिस्त्री हसला, "बहिऱ्याले ऐकू आलं का बे?" तरी खोललं. बेअरिंगच्या गोळ्यांचा भुगा निघाला. तास दोन तास आणखी चाललं असतं तर पट्टा सुटून कुणाचा तरी जीव गेला असता. त्या दिवशी मोठ्या मिस्त्रीनं डोक्यावरची टोपी काढून यादोरावच्या डोक्यावर घातली म्हणतात.

ही झाली यादोरावची बाजू. मंगलाबाईचा यावर काडीचा विश्वास नव्हता. एवढी संकटात होती, तरी तिला राहवलं नाही. तो इंजिनावर वाकला तशी ती मागून हळूच म्हणाली, "यादोरावजी, पायाजवळ साप हाय."

कैलाशनं जागच्या जागी टुणकन उडी मारली. यादोराव इंजिनाची पेटी पुसत होता तशीच पुसत राहिला. पण कैलाशची उडी पडताच त्याच्या तळपायाला फळीतून कळलं असावं, कारण मागे न पाहता तो म्हणाला, "जावईबापू, हळू. फळी जुनी हाय."

"पाह्य!" मंगलाबाईनं डोळे मोठे केले. "ऐकलं का नाही?"

यादोरावनं मग कामाला हात घातला, आणि इथून पुढे मंगलाबाईचं तोंड जे बंद झालं, ते तिच्या हयातीत तेवढा वेळ पहिल्यांदाच.

आधी त्यानं दोरी धरून अगदी हळू ओढली, जशी बाई सुईत दोरा ओढते. हाताला एके ठिकाणी अडखळा लागला, तो ओलांडला. पुन्हा ओढली, पुन्हा तिथंच अडखळा. मान हलवली. म्हणजे आतला दाब शाबूत. मग प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला, दोरी ओढली; निळी ठिणगी टचकन उडाली. ती तंदुरुस्त. मग तो प्लग उन्हात धरून पाहिला. सकाळीच बसवलेला नवा प्लग तांदळासारखा पांढराफटक पडला होता. त्यानं तो मंगलाबाईच्या डोळ्यासमोर धरला.

"उपाशी," तो म्हणाला. त्याचा आवाज सपाट, चढउतार नसलेला. "पोटात काही नाही याच्या. पण काहून नाही, ते इंजिनच सांगन."

कैलाशनं टाकीत पेट्रोल पाहिलं, आणि पंपाचा पाईप पाण्याच्या ड्रममध्ये सोडून यादोरावनं इंजिन सुरू केलं. टिनाच्या पडवीत असा दणदणाट उठला की कलाबाईचे पाखडलेले तांदूळ सुपात नाचायला लागले. यादोराव इंजिनासमोर मांडी घालून बसला. डावा हात त्यानं फळीवर पालथा ठेवला, उजवा तळहात सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर दूर धरला, आणि डोळे मिटले. देवघरात बसलेला माणूसही एवढा स्थिर बसत नसेल.

"ओढते," तो मोठ्यानं म्हणाला, कारण स्वतःचा आवाज त्याला मापता येत नव्हता. "दाबते. पेटते. ओकते. चार कामं, दोन फेऱ्या, एक धक्का. हातावर सारखा एक धक्का पडून राहिला. आता बरं हाय."

मिनिटं जाऊ लागली. कैलाशनं मोबाइल काढून वेळ पाहिली. पाच. सात. इंजिन सुरेल, सलग. मंगलाबाई कान टवकारून बसली होती. तिच्या कानांची ख्याती अशी की तिसऱ्या घरात कुणी उसासा टाकला तरी तो सुनेचा की सासूचा हे ती सांगत असे. मिसिंग सुरू झालं की पहिल्यांदा आपल्यालाच कळणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

तेवढ्यात यादोरावनं डावा हात वर उचलला. "आलं."

"कोठी आलं?" मंगलाबाई म्हणाली. "चांगलं तं चालून राहिलं!"

इंजिन तसंच सुरेल, सलग. तिनं कान आणखी जवळ नेला. काही नाही. तिनं मनात दहा मोजले, वीस मोजले. पंचविसाच्या आसपास कुठंतरी इंजिन किंचित चढलं, मग बसलं, मग भक्.

मंगलाबाईनं इंजिनाजवळ नेलेला कान मागे घेतला. सोंग करणारा माणूस फार तर कानाइतकं जाणेल. जे कानात अजून आलंच नाही, ते या माणसाच्या हाताला कसं पोचलं?

"ठिणगी मेली असती तं धक्का एकदम तुटला असता, आन हातावर कच्चं पेट्रोल आलं असतं, ओलं," यादोराव डोळे न उघडता सांगत होता. "हे तसं नाही. धक्का लहान होत गेला. लहान, लहान, आन हात कोरडा, गरम. भूक हाय ही. मावशीबाई, इकडं या."

त्यानं मंगलाबाईला आपल्या जागी बसवलं, तिचा तळहात सायलेन्सरसमोर धरला आणि स्वतःच्या कानांवर दोन्ही हात ठेवून दाखवले. तिनं पदराचे दोन बोळे केले, कानांत कोंबले, वर दुसऱ्या हातानं एक कान आणि खांद्यानं दुसरा दाबला. जग बंद झालं. कलाबाईचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तो चित्रासारखा. आणि त्या मोठ्या शांततेत, तिच्या तळहातावर कुणीतरी जिवंत श्वास टाकत होतं. धप्, धप्, धप्, मग अर्धा, मग नाहीच, मग एक दमलेला. फळीतून तिच्या मांडीला, मांडीतून कण्याला तो गुदमरलेला जीव कळत होता. साठ वर्षं दोन कान घेऊन फिरलेल्या बाईला पहिल्यांदा वाटलं, आपण एवढं ऐकलं, त्यातलं कामाचं किती?

इंजिन फट् करून बंद पडलं. सवयीनं कैलाशचा हात टाकीच्या झाकणाकडे गेला. यादोरावनं तो मनगटात पकडला.

"काय पाहता, बापू?"

"पेट्रोल," कैलाश म्हणाला. यादोरावची नजर त्याच्या ओठांवर होती.

"दर वेळी पाहता?"

"दर वेळी."

"झाकण खोललं की फुस्स होते?"

कैलाशनं मान डोलावली. "होते ना. पेट्रोलचा गॅस राहते तो."

यादोरावनं झाकणाला हात न लावता कार्बेटरखालचा लहान बोल्ट ढिला केला. खाली वाटी धरली. पेट्रोल यायला हवं होतं धारेनं, येत होतं थेंबाथेंबानं, आणि थेंबही थांबत थांबत. मग त्यानं कलाबाईला खूण केली. तिनं सुपातला कोंड्याचा एक कण चिमटीत आणून त्याच्या हातावर ठेवला. तो त्यानं झाकणाच्या काठावर ठेवला आणि झाकण जरासंच फिरवलं. कण सर्रकन फटीत ओढला गेला. त्याच क्षणी वाटीत थेंबांची धार झाली, अखंड, सुतासारखी.

 बघण्यासारखं एवढंच होतं, एक कण आणि एक धार, पण मंगलाबाईचे हात आपोआप जोडले गेले.

"पेट्रोल खाली गेलं की वरून हवा आली पायजे," यादोराव म्हणाला. "नाही तं टाकी आतून ओढून धरते. दहा मिनिटं पुरते, मंग इंजिनाचा गळा आवळते. हवेसाठी झाकणात सुईएवढं भोक राहते. तुम्ही खोलता, हवा जाते, इंजिन चालते." तो कैलाशकडे वळला. "म्हणजे बिमारी तुम्हीच बरी करत होता, जावईबापू. प्लग, कार्बेटर, फिल्टर, सारं उगाच. झाकण खोलत होते, ते औषध."

कैलाशचं तोंड पाहण्यासारखं झालं. मंगलाबाईचं त्याहून, कारण यादोरावचं बोट आता झाकणावर फिरत होतं. झाकण केशरी होतं. बोटभर जाड, कडक, चकचकीत केशरी.

"पूजा कोणं केली?"

मंगलाबाई बांगड्या मागेपुढे करू लागली. कलाबाईनं पदर तोंडाला लावला.

दसऱ्याला घरात हत्यारं-अवजारं पुजली तेव्हा इंजिनाचीही पूजा झाली होती. आता पूजा म्हटली की टिळा आला, आणि टिळा म्हटला की कपाळ. इंजिनाचं कपाळ कुठं? मंगलाबाईनं बराच विचार करून सगळ्यात वरचा भाग धरला, म्हणजे टाकीचं झाकण. हळदकुंकू पाण्यानं धुऊन जातं म्हणून मारुतीला लावतात तसा तेलात कालवलेला शेंदूर थापला. चिन्नोराचं पाणी पुरं होवो म्हणून हात जरा सैलच सोडला. आणि वर जावयाला बजावलं, दिवाळीपर्यंत कुणी खरवडायचा नाही.

"म्या तं भक्तीनं..." ती म्हणाली.

"भक्तीच हाय ना," यादोराव म्हणाला. तिचे शब्द त्यानं वाचले की चेहरा, कोण जाणे. "फक्त नाकात गेली. कपाळ चुकलं. पयले नमस्कार करा, मंग पिन द्या."

मंगलाबाईनं झाकणाला नमस्कार केला, बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. यादोरावनं शेंदूर खरवडला नाही. मधोमध पिनेचं टोक टेकवलं, अंगठ्यानं फिरवलं, आणि तांबूस भुकटीचा एक कण बाहेर पडला, मोहरीएवढा. झाकण ओठांना लावून फुंकून पाहिलं. बस, झालं.

इंजिन पुन्हा सुरू झालं. दहा मिनिटं. बारा. पंधरा. यादोराव तळहात धरून बसला होता, आणि आता त्याच्या शेजारी, न सांगता, मंगलाबाईही. वीस मिनिटांनी त्यानं डोळे उघडले. "जा. बोडी वाट पाहून राहिली."

निघताना ती दारात घुटमळली. कलाबाईजवळ वाकून तिनं विचारलं, आणि यावेळी आवाजात खोच नव्हती, "खरं सांग वो. यादोरावजीले काहीच ऐकू येत नाही?"

कलाबाईनं सूप उचललं. "तुमाले काय वाटते?"

"मले वाटते," मंगलाबाई म्हणाली, "आपल्यालेच येत नाही."

एक वाजता पहिल्या बांधीत पाणी पडलं आणि मग ते थांबलं नाही. दुसरी भरली, तिसरी भरली. कैलाश बांधीच्या धुऱ्यावर बसून इंजिनाला हात लावायला घाबरत होता. मंगलाबाई मात्र दर अर्ध्या तासानं जाऊन सायलेन्सरसमोर तळहात धरून येई. सूर्य झाडांमागे गेला तेव्हा चौथ्या बांधीच्या शेवटच्या कोपऱ्यातल्या चिन्नोराच्या बुडाशी पाणी चमकलं. बोडीवर उद्याचा पाळीवाला येऊन उभा होताच. तिनं स्वतः इंजिन बंद केलं.

संध्याकाळी नागपूरहून फोन आला. "डोळा बरा हाय. चिन्नोर काय म्हणते?"

"पोटभर पेलं," मंगलाबाई म्हणाली, आणि आनंदरावला आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या एवढ्या लहान उत्तराची काळजी वाटली.

आता त्या गोष्टीमागचं खरं. यादोराव दोन्ही कानांनी ठार बहिरा आहे. तो सोंग करतो ही गोष्ट कलाबाईनं उठवली होती. दुकान उघडून चार महिने झाले होते आणि बहिऱ्या मिस्त्रीकडे एकही इंजिन आलं नव्हतं, तेव्हा एका सकाळी बोरिंगवर पाणी भरताना तिनं ती पहिल्यांदा मंगलाबाईला सांगितली.